एक पाटा वाढव

आबा, काल मी तुमच्या नातीच्या तोंडात मारली. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. तेरा वर्षांची आहे, सांगलीत वाढलेली, आणि रिमोटच्या गाड्यांचं तिला माझ्याइतकंच वेड. पण कालचं सांगायचं तर आधी शिरवळचं सांगावं लागेल, कारण मारणारा हात तिथूनच आलाय.

महामार्गाला लागून आपलं गॅरेज. ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तुटला, उसाच्या ओझ्यानं ट्रॉली खाली बसली, की तुमचा इलाज एकच: "एक पाटा वाढव." फौजेतून आलेला मेस्त्री म्हणून ड्रायव्हर तुमचा शब्द खाली पडू देत नसत. मी अकरा वर्षांची झाले तेव्हा तुम्ही पुण्याहून माझ्यासाठी रिमोटची गाडी आणलीत. पोरीला गाडी आणून देणारा बाप आसपास दुसरा नव्हता, हे मी आजही मानते. पण खडीच्या आवारात ती सारखी उलटायची. तुम्ही तिच्या स्प्रिंगांत सायकलच्या ट्यूबचे तुकडे कोंबून ती घट्ट केलीत, तर आणखीच टणाटण उडायला लागली. एका दुपारी मी गुपचूप ट्यूब काढली आणि बॉलपेनांच्या नरम स्प्रिंगा बसवल्या. संध्याकाळी ती खडीला अशी चिकटून पळाली की बाकड्यावरचा ड्रायव्हर हसला, "आवं मेस्त्री, पोरगी तुमच्या वरताण निघाली की!"

तुम्ही ओरडला नाहीत. घण उचललात आणि एका घावात गाडीचा चुरा केलात. दुसरा घाव उगाच होता. मग खुंटीवरचा फॅनबेल्ट. पाठीवर, पोटऱ्यांवर, खाली बसल्यावर डोक्यावर. "मला शिकवती व्हय? मला?" आई मध्ये पडली तर तिला पाट्यांच्या ढिगावर ढकललंत. तिची भुवई फुटली, डोळ्यात रक्त गेलं, तरी ती म्हणत होती, "आवं सोडा तिला, लेकरू हाय." हसणारा ड्रायव्हर तोवर ट्रक काढून गेला होता. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या पाठीला हळद लावलीत आणि तुमची बोटं थरथरत होती. मला तुमची दया आली नाही. तुम्ही मरावं, असं मी देवाकडे मागितलं होतं.

इथं नदीकडच्या मैदानावर रविवारी आम्ही आठ-दहा गाडीवेडी माणसं जमतो. काल ट्रॅक सगळा ढेकळांचा होता. आमची गाडी वळणावर कोलांट्या खात होती, म्हणून मी मागच्या स्प्रिंगा कडक घातल्या, शॉकअपमध्ये जाड तेल भरलं. लेक म्हणाली, "आई, उलट करायला पाहिजे गं." मी म्हटलं, गप बस. मी चहाला गेले तेवढ्यात तिनं नरम स्प्रिंगा घातल्या, पातळ तेल भरलं, आणि गाडी ढेकळांवरून एकदाही न उलटता फेरी मारून आली. कुणीतरी म्हणालं, "ताई, लेक तुमच्या पुढं गेली की ओ!" मला हसायचं होतं, आबा. खरंच हसणार होते. त्याआधी हात उठला. दाताला लागून तिचा ओठ फुटला, रिमोट मातीत पडला. मी परत मारली. ती दुसरी उगाच होती. आणि तोंडातून निघालं ते जसंच्या तसं तुमचं: "मला शिकवती व्हय?"

ती रडली नाही. रिमोट उचलला, फ्रॉकला पुसला आणि माझ्या हातात दिला. "तूच चालव." आज सकाळी ओठाला मलम लावायला गेले तर ती भिंतीपर्यंत मागे सरकली. माझी बोटं थरथरत होती. तुमचीही तेव्हा का थरथरत होती ते आता कळतं. पण कळलं म्हणून माफ केलं, असं समजू नका. मला हात आवरता आला असता. तुम्हालाही आला असता.

हे पत्र कुठं टाकणार, आणि कशाला. एक मात्र कबूल करते. मी कागद घेऊन बसले होते ते तिला सांगायचे शब्द जुळवायला. ती पलीकडच्या खोलीत आहे, दार उघडंच आहे. तिच्यासमोर जायची मला भीती वाटली, म्हणून तुम्हाला लिहीत बसले.