बोका भुंकला तर लक्ष देऊ नका

३ सप्टेंबर १९९९

आले बाई एकदाची विरारला! फुलपाड्यातल्या या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत सामान लावता लावता कमरेचा काटा ढिला झाला. उद्या आगाशीच्या शाळेत रुजू व्हायचं. बाबा गेल्यावर चिपळूणचं बिऱ्हाड मोडलं, आणि माझ्याबरोबर आला तो त्यांचा लाडका कुत्रा. नाव बोका! कुत्र्याला बोका म्हणणारा माणूस जगात एकच, आमचे बाबा, दिनानाथमास्तर. जाताना एवढंच म्हणाले होते की सुहास, याला एकटं टाकू नकोस. टाकते कुठली? त्याच्याशिवाय मला आता आहे तरी कोण?

समोरच्या मार्थाबाय लगेच चहा घेऊन आल्या. इथे कामावर जाणारी माणसं घराची एक किल्ली शेजारी ठेवतात म्हणे. नळ चालू राहिला, गॅस राहिला, तर बघता येतं. मीही दिली. बरं वाटलं.

१४ सप्टेंबर

सोसायटीचे सेक्रेटरी जयरामभाऊ जिन्यातच उभे. म्हणे, मी घराबाहेर पडले की बोका जो भुंकायला लागतो, तो मी येईपर्यंत! मला खरंच वाटेना. मी घरात असताना हे ध्यान माझ्या पायावर हनुवटी टेकून पडून असतं, तोंडातून ब्र नाही. पण मार्थाबायही तेच म्हणाल्या. टीचर, तुम्ही जिना उतरलात की सुरू, तुम्ही आलात की बंद. तुम्हालाच हाका मारतो तो.

२१ सप्टेंबर

शाळेच्या कपाटात कुत्रे पाळण्यावरचं एक पुस्तक मिळालं. त्यात लिहिलंय की भुंकणाऱ्या कुत्र्याकडे कुणी लक्षच दिलं नाही, की तो आपोआप गप्प बसायला शिकतो. झालं! मास्तरणीच ना मी, सगळ्या बिऱ्हाडांत जाऊन सांगून आले. बोका भुंकला तर लक्ष देऊ नका, दार वाजवू नका, हाक मारू नका. मार्थाबाय दाराआडून त्याला समजवायच्या, येईल हां टीचर, येईल. तेही बंद करायला लावलं. बिचाऱ्यांनी ऐकलं.

६ ऑक्टोबर

फरक शून्य. जयरामभाऊंचा मुलगा बारावीला आहे, त्यांचंही डोकं फिरलंय. कुत्रा ठेवा नाहीतर खोली ठेवा, म्हणाले. आगाशीच्या बाजारात चपला शिवणाऱ्याकडून चामड्याचं मुसकं करून घेतलं. अगदी घट्ट. बांधताना बोक्याने मुकाट मान खाली घातली. म्हटलं, शहाण्या, तुझ्याच भल्यासाठी.

११ ऑक्टोबर

जिन्यात मार्थाबाय हसत म्हणाल्या, आज काही आवाज नाही, शिकला एकदाचा!

दार उघडलं. तो दाराशीच पडला होता.

दुपारभर वीज नव्हती. खिडक्या मीच लावून गेले होते, चुकून आवाज झालाच तर बाहेर जाऊ नये म्हणून. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तोंड उघडून धापा टाकल्या तरच त्याचं अंग निवतं. हे पाचवीच्या मुलांना मी शिकवते. मी! मुसकं सोडलं तेव्हा चामडं आतून ओलं होतं.

बाबा, मला माफ करू नका.

१९ ऑक्टोबर

जयरामभाऊ पुन्हा आले. काल दिवसभर भुंकत होता म्हणे. मी सांगितलं, अहो, तो गेला. त्यांना वाटलं, लपवतेय. मार्थाबायनी घर उघडून दाखवलं, आणि मग क्रुसाची खूण केली. त्यांनीही ऐकलं होतं.

२५ ऑक्टोबर

रजा टाकून घरात बसले. एकदा ऐकू दे, एवढंच. काही नाही. मी असताना कधी भुंकला होता तो?

मग कुलूप लावून जिना उतरले, आणि अनवाणी परत वर आले. दारापलीकडे बोका. तोच. शेवटी बारीक कुंई करणारा. दाराला कान लावून रडले, रडले. किल्ली फिरवली, आत गप्प.

मार्थाबाय म्हणाल्या, फादरना बोलावू, पवित्र पाणी शिंपडू. माझं टाळकंच सरकलं. माझा कुत्रा घालवणारे तुम्ही कोण? किल्ली परत मागून घेतली. पुन्हा सगळ्यांना बजावलं की तो भुंकला तर लक्ष देऊ नका. दार वाजवू नका. त्याला राहू दे.

मार्थाबायचे डोळे भरले होते. मी दार लावून घेतलं.

६ नोव्हेंबर

शाळेला दिवाळीची सुटी. अंगात ताप. जिन्यात चकल्यांचा वास. घरातच आहे, म्हणून बोकाही शांत.

८ नोव्हेंबर

ताप उतरत नाही. पाणी संपलं — मोरीपर्यंत जाववत नाही. मार्थाबायना हाक मारली. आवाजच फुटेना. किल्ली का मागितली मी —

९ नोव्हेंबर

एकदम बरं वाटतंय. ताप नाही. अंग कापसासारखं हलकं. टेबलाशी येऊन लिहितेय.

आणि बोका भुंकतोय! आत. इथे, माझ्यासमोर. दिसतोय. अगं बाई, माझं सोनं ते!

म्हटलं, गप रे, मी आहे ना. माझ्याकडे बघत नाही. खाटेकडे तोंड करून भुंकतोय — जीव तोडून —

खाटेवर माझी चादर. चादरीखाली कुणीतरी —

दाराबाहेर मार्थाबाय. बोका भुंकतोय म्हणजे टीचर गावाला गेल्या असतील, असं नवऱ्याला सांगताहेत. थॉमस विचारतोय, दार वाजवू का. नको म्हणाल्या. लक्ष देऊ नको, त्यांनीच सांगितलंय.

पावलं लांब चालली. मार्थाबाय, थांबा — मी घरातच आहे — घरातच — बोक्या, गप रे — तू तर मी नसतानाच