पाच मिनिटांचा दाखला

बॉबलिंगेन, मंगळवार

ती. चारुदत्तदादा,

शस्त्रक्रिया झालेल्या उजव्या गुडघ्याला धक्का न लावता डाव्या पायावर डोकं ठेवून नमस्कार. वहिनींचा रक्तदाब आणि तुमचा स्वभाव, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. (पहिला आहे, असं वहिनींकडून कळलं.) इकडे स्नेहलता ठणठणीत. मी आरोपी आहे.

तुमची भावजय इथल्या जर्मन वांडरफेराइनची, म्हणजे दर रविवारी रांगेत डोंगर चढणाऱ्या मंडळाची, पक्की सभासद आहे. मी वर्षभर उमेदवारीवर. मला पक्कं करायचं की नाही ते या गुरुवारच्या सभेत ठरायचं आहे. नकार आला तर उरलेल्या आयुष्यातले रविवार ती डोंगरावर आणि मी घरात एकटा (आणि इथल्या रविवारची शांतता अशी, की कुकर लावताना शेजाऱ्यांची मनातल्या मनात क्षमा मागावी लागते).

परवा आम्ही श्वार्झवाल्डमधल्या एका घळीत गेलो. यंदा पाऊस नाही. ओढ्याच्या जागी तांबडी वाळू, दोन्ही बाजूंना तापलेले कडे. नाव काळ्या अरण्याचं आणि आत अस्सल वाळवंट. आम्ही दोघं सगळ्यांच्या आधी वरच्या खानावळीत पोचलो. तिथे ‘अहो, माझी काठी खालच्या बाकावर राहिली की’ असं म्हणून स्नेहलतेने मला परत घळीत पाठवलं. त्यामुळे मागून चढणारं अख्खं मंडळ मला समोरून भेटत गेलं आणि प्रत्येकाने घाम पुसत एकच विचारलं, खानावळ किती राहिली?

आता दादा, उतरणाऱ्याने चढणाऱ्याला ‘आलंच, पाच मिनिटं’ असं सांगायचं असतं, हा धर्म सिंहगडावर मला तुम्हीच शिकवलात. मी तो सातासमुद्रापार पाळला. पहिल्या गृहस्थांनी आभार मानून घड्याळ लावलं. दोन बायकांनी माझ्या भरवशावर उरलंसुरलं पाणी कुत्र्याला पाजलं. अध्यक्ष हेर ब्रेनर यांनी तर घळीच्या तळावरूनच वर फोन करून चीज घातलेल्या गरम शेवया टेबलावर मांडून ठेवायला सांगितल्या. वाट सव्वा तासाची होती.

काठी घेऊन वर आलो तेव्हा सगळे लांब टेबलाशी बसून जबान्या जुळवत होते. तळाशी भेटलेल्याला पाच मिनिटं, मध्यावर भेटलेल्याला पाच, वर भेटलेल्यालाही पाच. हेर ब्रेनरनी नकाशा पसरून सिद्ध केलं, की माझं म्हणणं खरं मानल्यास घळीला लांबीच उरत नाही. (पुढ्यात त्यांच्या शेवयांचा थिजलेला गोळा होता, त्यावर पाय ठेवून छायाचित्र काढता आलं असतं.) मी शांतपणे सांगितलं, की मीमांसेत याला अर्थवाद म्हणतात, ऐकणाऱ्याला हुरूप यावा म्हणून केलेलं विधान, ते शब्दशः घ्यायचं नसतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “आल्झो (म्हणजे ‘तर मग’), पाच की पंचाहत्तर?” स्नेहलता कुणी परकी बाई असावी तशी पलीकडच्या टेबलावर केक खात होती. गुरुवारपर्यंत लेखी खुलासा मागितला आहे.

बाकी क्षेम.

तुमचा उमेदवार,
श्यामकांत

ता. क. : पत्र खुशालीसाठी नव्हतं हे तुम्ही ओळखलंच असेल. तिकडच्या आपल्या जुन्या गिरिभ्रमण मंडळाचा गोल शिक्का अजून तुमच्याच कपाटात आहे (नव्या चिटणिसांना तुम्ही हरवला म्हणून सांगितलंत). ‘आमच्याकडे पाच मिनिटं ही वेळ नसून धीर आहे’ असा दाखला त्या शिक्क्यानिशी गुरुवारपूर्वी व्हॉट्सअ‍ॅप करावा. शिक्का ठळक उमटू द्या. इथे मजकूर नंतर वाचतात.

ता. क. २ : शुक्रवार. हा ईमेल ड्राफ्टमध्येच राहिला होता. पाठवला असं समजून तीन दिवस तुमच्या दाखल्याची वाट पाहिली आणि मनातल्या मनात तुम्हाला बरंच बोललो, क्षमस्व. दाखला आता नको. मंडळातल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या फ्राऊ क्रेमर सभेत उठून म्हणाल्या, या माणसाने खरं सांगितलं असतं तर मी तळाशीच बसले असते. त्यावर मला पक्कं करण्यात आलं, एका अटीवर : यापुढे कुणी वाटेत काहीही विचारलं तर मी बोलायचं नाही, स्नेहलतेकडे बोट दाखवायचं. ठराव स्नेहलतेनेच मांडला. इतिवृत्तात ‘एकमताने मंजूर’ असं लिहिलं आहे. माझं मत त्यात धरलेलं आहे.