आधी कोरडं बेसन

अण्णा, आज मी तुमच्यावर इतकी चिडले आहे की तुम्ही समोर असता तर मी तुम्हाला पाणीसुद्धा विचारलं नसतं. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी जुना राग काही गेला नव्हता, आणि काल त्यात नवी भर पडली. तुम्ही ज्या देशात उमेदीची वर्षं घालवलीत त्याच देशात मी आता राहते, दोह्यात, अल हिलालमधल्या एका व्हिलाच्या तळमजल्यावर. नवरा आहे, नऊ वर्षांची मुलगी आहे, बँकेत आयटीची नोकरी आहे. आणि एक कुत्री आहे. हो, कुत्री. तुम्ही माझा कुत्रा घालवलात म्हणून मी मुद्दाम पाळली असं समजा हवं तर. नवऱ्याच्या साइटवर कंटेनरखाली सापडली होती, हाडकुळी, कान फाटलेला. लेकीने तिचं नाव बिस्किट ठेवलंय.

परवा शुक्रवारी आम्ही मदिनत अश शमालच्या पुढे समुद्रावर गेलो होतो. तिथं कुणीतरी जाळ्यातली नको असलेली मासळी वाळूत टाकून दिलेली, चार दिवस उन्हात फुगलेली. बिस्किट तिथं गेली आणि पाठ घासघासून लोळली. इतकी खूश होती की काय सांगू! परतीच्या तासाभरात गाडीत आम्हा तिघांना मळमळायला लागलं, काचा खाली केल्या तर बाहेरची आग आत. घरी आल्याबरोबर मी तिला अंगणात नळाखाली धरलं आणि अर्धी बाटली शाम्पू संपवला. वास हलला नाही. मग मोबाइलवर शोधलं. जिथं तिथं अमेरिकेतल्या स्कंक नावाच्या कुठल्याशा प्राण्याची माहिती, तो कुत्र्यावर फवारा मारतो म्हणे, आणि तो वास घालवायला खायचा सोडा, भांड्यांचा साबण आणि औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड. तेही आणलं, तेही चोळलं. शेवटी मी काय केलं असेल? शेजारच्या बाईने ईदला दिलेला बखूर निखाऱ्यावर टाकला आणि बाळंतिणीला धुरी देतात तशी कुत्रीला धुरी दिली. कुजकी मासळी आणि वर उदाचा घमघमाट! वरच्या मजल्यावरच्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या आणि व्हिलाच्या मॅनेजरला फोन केला.

मॅनेजर आला, नाकाला रुमाल लावून फाटकातच उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, कल शाम तक स्मेल खलास, नहीं तो डॉग बाहर. मैं कुछ नहीं कर सकता." लेक माझ्यामागे उभी होती. ती मराठी सगळं समजते, बोलते मात्र इंग्रजीच. मला म्हणाली, "मम्मा, इफ शी गोज, आय विल नेव्हर टॉक टू यू." हे वाक्य मला नवीन नव्हतं, अण्णा. तिच्याच वयाची असताना हेच मी तुम्हाला म्हटलं होतं, फक्त मराठीत. आणि तुम्ही परत जाईपर्यंत पाळलंही होतं.

तांबड्या आठवतो ना तुम्हाला? आठवायलाच पाहिजे. तुम्ही रजेवर आला होतात. तांबड्या खाडीवर कुठल्याशा मेलेल्या जनावरात लोळून आला आणि थेट ओटीवर चढला. ओटीवर पाहुणे बसलेले. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येते तर साखळी नुसती पडलेली. तुम्ही त्याला टेम्पोत घालून खाडीपलीकडे सोडून आला होतात. मी रडून रडून घर डोक्यावर घेतलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "हा वास मला घरात नको." बस्स! एवढ्यासाठी एक जीव रस्त्यावर सोडायचा? धुता आला नसता का? विहीर होती, साबण होता, मी होते. उरलेल्या तीन आठवड्यांत मी तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. तुम्ही परत कतारला निघालात तेव्हा एसटी स्टँडवरसुद्धा आले नाही. ही गोष्ट मी कॉलेजात सांगितली, नवऱ्याला लग्नाआधी सांगितली, लेकीला तर गोष्ट म्हणूनच सांगितली. ऐकणारे सगळे म्हणतात, बाप रे, काय कठोर माणूस!

तर काल शनिवार. लेकीला पोहायच्या क्लासला न्यायला कारलिफ्टवाले काका आले. कारलिफ्ट म्हणजे इथं चार घरची माणसं एका गाडीतून ने-आण करणारा माणूस. हे काका बीडकडचे, साठीचे, बायकामुलं गावी, स्वतः मुऐदरला सहा जणांत एका खोलीत राहतात. मी अंगणात बिस्किटवर पाणी ओतत होते. ते फाटकातून ओरडलेच, "आवो ताई, पाणी कामून टाकायलात? पाण्यानं वास आत बसतो!" गाडी बंद करून आले. म्हणाले, आधी हिला उन्हात कोरडी खडखडीत होऊ द्या, मग बेसन आणा. कोरडं. मी परात भरून आणलं. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि कोरडं बेसन तिच्या अंगावर केसांच्या उलट्या दिशेने चोळायला घेतलं. पिठाच्या काळपट वळ्या खाली पडत होत्या. "पीठ तेलकटपणा ओढून घेतंय. ते गेल्याबिगर साबण काय करणार?" मग लिंबं कापायला लावली. अर्धं लिंबू पंजांमध्ये, कानांच्या मागे, नखांच्या कडेने. "डोळ्याला लावू नका हां, मुकं जनावर हाय." मग साबण, मग पाणी, आणि अंग वाळल्यावर तळहातावर थोडंसं खोबरेल.

कानांच्या मागे लिंबू फिरायला लागलं तेव्हाच माझे हात थांबले. हे मी पाहिलं होतं. दर दोन वर्षांनी पाहिलं होतं. तुम्ही विमानातून उतरून, बस बदलत घरी यायचात आणि उंबरा न ओलांडता थेट परसात जायचात. बॅगा ओटीवर, आम्ही बॅगांभोवती, आणि तुम्ही मागे धोंड्यावर उघडे बसून आईला हाक मारताय, "बेसन आण गो." आधी कोरडं बेसन. मग लिंबू, कानांच्या मागे, नखांच्या कडेने. मग साबण, मग खोबरेल. असं तीन तीन दिवस, आणि वर अत्तर. मी विचारलं की म्हणायचात, तिकडची धूळ असते बाळा, लवकर निघत नाही.

मी काकांना विचारलं, तुम्हाला हे कसं माहीत? ते हसले. "सिवेजचा टँकर, ताई. सतरा वर्षं. गटाराचं पाणी उपसायचं आन् लांब नेऊन टाकायचं. आमच्यात समदे हेच करत्यात, गावी जायच्या आधी आठ दिवसांपासून."

अण्णा, पाण्याचा टँकर म्हणाला होतात तुम्ही! गोड्या पाण्याचा. चौथीत मी निबंध लिहिला होता, माझे वडील वाळवंटात तहानलेल्यांना पाणी पोचवतात. बाईंनी तो सगळ्या शाळेपुढे वाचायला लावला. तुम्ही रजेवर आलात तेव्हा तुमच्यापुढेही वाचला, छाती काढून. तुम्ही ऐकलात, "छान लिहिलंस" म्हणालात आणि पान खायला बाहेर गेलात. तेव्हा सांगता येत नव्हतं? काय झालं असतं? मी लहान होते, पण मूर्ख नव्हते. की होते? मी कालच गावी आईला फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, "सगळ्या वाडीला ठाऊक होतं गो. तुझ्यापासनंच काय ते लपवायचं होतं." मी फोनवर तिच्यावरही ओरडले. सगळं लहानपणभर कुणीतरी माझ्या पाठीमागे बसून हसत होतं असं मला वाटलं. तुमच्या कामाची लाज मला वाटली असती, हे तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत, आणि मला विचारलंही नाहीत. याचा राग मला तांबड्याच्या रागापेक्षा जास्त आला आहे.

संध्याकाळी मॅनेजर आला. रुमाल काढून बिस्किटच्या पाठीपर्यंत वाकला, हुंगलं, पुन्हा हुंगलं. "लेमन का स्मेल है," म्हणाला. "यल्ला, ठीक है." लेकीने बिस्किटला मिठी मारली आणि मग मला मारली. काकांना चहा दिला तर ते फाटकाजवळच उभे राहून प्यायले. आत या म्हटलं, तर म्हणाले, नको ताई, सवय नाही.

हे मी रविवारी, ऑफिसच्या पँट्रीत जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. डबा तसाच पडलाय. हे कुठंच पाठवायचं नाही, आणि आईला तर मुळीच वाचून दाखवायचं नाही. कारण तांबड्याची गोष्ट मी सगळ्यांना सांगते तेव्हा ओटीवरचा मधला भाग गाळते. आईला तो माहीत आहे. तांबड्या ओटीवर चढला, मी त्याला कवटाळलं आणि तुम्ही पाहुण्यांसमोर माझ्यावर खेकसलात, "सोड त्याला, वास येतोय!" मला सगळ्यांसमोर बोललात म्हणून मी पेटले. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "तुमचापण येतो. तांबड्यापेक्षा घाण येतो." पाहुणे हसले. वाडीतले होते, त्यांना ठाऊक होतं. तुम्हीही हसल्यासारखं केलंत, आणि उठून परसात गेलात. आईला हाक न मारता बेसनाचा डबा तुम्ही स्वतःच घेतलात.

येत नव्हता, अण्णा. तुम्हाला येऊन दहा दिवस झाले होते. त्या दिवशी तुमच्या अंगाला लिंबाचा वास येत होता. मी नुसतंच बोलले होते.