तुळशीखालची ताटली

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

बाबांच्या डाव्या हातावर आज पुन्हा गांध्या उठल्यात. लकव्यापासून त्या हाताला काही कळत नाही, डास खुशाल बसतात. कॉइलच्या धुराने बाबांना खोकला येतो, म्हणून मीच हौसेने त्यांच्या खाटेजवळच्या खिडकीत तुळस लावली. डास पळतात म्हणे! रोज दोनदा पाणी घातलं.

आज पालिकेची बाई तपासणीला आली. कुंडीखालची ताटली उचलून म्हणाली, "ताई, बघा, अळ्या वळवळतायत. डास घरातच पाळलेत तुम्ही!" पाणी ओतून गेली निघून.

म्हणजे इतके दिवस मीच? आणि शिव्या घालत होते मुलुंडच्या नाल्याला.

बाबांना सांगितलं नाही. कोरफडीचा गर लावत बसले. उजव्या हाताला लावला तेव्हा "गार वाटता गो" म्हणाले. मग छताकडे बघत विचारलं, "तुळशीक पाणी घातलंस मा?"

"घातलं, बाबा."

"बरां केलंस. आता डाव्या हाताक पण लाव."

मी केव्हाची तोच हात चोळत होते.