किड्याला तुमचं नाव दिलं नाही

सर,

त्या किड्याला तुमचं नाव देणार नाही, हे मी भर सभेत सांगितलं. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण तुमचे जुने विद्यार्थी बारामतीला आपल्या कॉलेजात अजून दरवर्षी जमतात. या खेपेला माझ्या कामाची कुणकुण त्यांना लागली होती. कोकणातल्या खाडीच्या चिखलात राहणारा, दोन्ही बाजूंना राठ केसांचे झुपके असलेला एक किडा शास्त्राला आजवर माहीत नव्हता असं ठरलंय, आणि त्याचं नाव मी ठेवायचंय. तेवढ्यावर कोणीतरी उठून म्हणालं, सरांचंच नाव द्यायचं, याहून मोठी गुरुदक्षिणा कुठली. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत काकू बसल्या होत्या, शेजारी तुमचा मुलगा. मी उभी राहिले आणि म्हणाले, "नाही देणार." मागच्यांना ऐकू गेलं नसावं, कारण टाळ्या थांबायला जरा वेळ लागला.

नाही म्हणण्याचं कारण त्या हॉलमध्ये मला एकटीला ठाऊक होतं. दुसरं ठाऊक असलेलं माणूस तुम्ही.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी तुम्ही आम्हाला कोकणात नेलं होतं. पिंपळीच्या मळ्यात वांगी-टोमॅटो तोडत वाढलेली मी, समुद्र पहिल्यांदाच बघत होते, आणि तुम्ही आम्हाला समुद्राकडे पाठ करून खाडीत गुडघाभर चिखलात उभं केलंत. लाटा काय, सगळेच बघतात, असं म्हणालात. ओहोटी लागलेली, आम्ही फावड्याने चिखल उलटतोय, आणि त्यात गांडुळासारखं काहीतरी वळवळतंय. पण गांडूळ गुळगुळीत असतं. याच्या अंगाच्या प्रत्येक कड्याला दोन्हीकडे वल्ह्यासारखे छोटे पाय, आणि पायांतून केस बाहेर आलेले. मी एक तळहातावर घेतला तर तो मला चावला. घसा मोज्यासारखा उलटा करून बाहेर काढला आणि बोटाला डसला. मी ओरडले नाही म्हणून तुम्ही माझ्याकडे कौतुकाने बघितलंत, ते मला अजून दिसतं.

बारामतीला परत आल्यावर तुम्ही शिकवलंत की या किड्यांची जात तोंडावरून ठरते. बाहेर आलेल्या घशावर जबड्यांखेरीज बारीक काळे दात असतात, आणि कुठल्या भागात ते कसे रचलेले आहेत ते बघून नाव लावायचं. तुमच्याकडे परदेशी जाडजूड पुस्तक होतं. त्यातलंच एक नाव लावून तुम्ही या खाडीतल्या किड्यांवर एक लेखही छापला होता. त्या नावाच्या किड्याला घशाच्या एका ठरावीक भागात दातांची दाट रांग असायला हवी. माझ्या किड्याला तिथं काहीच नव्हतं. मी दुसरा घेतला, तिसरा घेतला. त्यांनाही नव्हतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, हितं दात न्हाईत."

तुम्ही माझ्या टेबलापाशी आलात. "आधी 'हितं' नव्हे, 'इथं' म्हणायला शिका," तुम्ही म्हणालात, "मग दात बघा." वर्ग हसला. तुम्ही स्वतः डाळज गावचे. भाऊ भेटायला आला की पोर्चमध्ये तुमचं व्हय-न्हाय आम्ही सगळ्यांनी ऐकलेलं. मग तुम्ही सांगितलंत की दात झिजले असतील, पुस्तकात आहे तेच नाव लिहायचं. आणि पुढच्या टेबलाकडे गेलात. सर, तुम्ही वाकलाही नाहीत. मायक्रोस्कोप तिथंच होता, दिवा चालू होता, किडा काचेवर होता. परीक्षेत तोच किडा आला तेव्हा मी नावाची जागा कोरी ठेवली. तुम्ही त्याचे गुण कापलेत. मी विचारायला आले नाही.

त्यानंतरच्याच रविवारी तुम्ही मला घरी बोलावलंत, बाटल्यांमधलं स्पिरिट बदलायला. काकूंच्या स्वयंपाकघरातला ओटा बाटल्यांनी भरलेला, आणि काकू कोपऱ्यात भाकरी थापत म्हणतायत की पिठालाही तुमच्या किड्यांचा वास लागला. तिथं तुम्ही मला किडा मानेपाशी कसा हलका दाबायचा ते शिकवलंत, घसा न फाटता बाहेर येईल असा. मी आजही तसाच दाबते. आणि निकाल लागल्यावर तुम्ही पिंपळीला आलात. एम.एस्सी.ला पाठवायला आमचे तात्या तयार नव्हते. किडं मारायचं औषध शिकली तर मळ्याला उपयोग, नुसतं बघून काय करायचं, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही बांधावर बसलात, बूट काढलेत, आणि तुमच्या तोंडून डाळजची बोली आली. "तात्या, पोरगी बघती ती नीट बघती. तिला आडवू नगासा."

याच वाक्यावर माझं घोडं इतकी वर्षं अडलंय. पोरगी नीट बघते हे तिच्या बापाला सांगायला तुम्ही मोटरसायकलवरून पिंपळीला आलात, मग तिने दाखवलेलं एकदा वाकून का बघितलं नाहीत? लेख छापून झाला होता म्हणून? याचं उत्तर मी तुमच्या वतीने गोड करून कुणाला सांगणार नाही.

मी इंदापूरला शिकवायला लागले. सुट्टी लागली की खाडी गाठायची आणि आल्यावर घसे बघायचे, एवढंच केलं. तुमच्या पुस्तकातलं नाव ज्या किड्याला मुळात दिलं होतं, तो दूरच्या थंड समुद्रातला. तिथल्या संग्रहालयाने नमुने बघायला दिले. त्यांना रांग होती, दाट. आपल्याकडच्या लहान किड्यांनाही नाही, मोठ्यांनाही नाही, म्हणजे झिजण्याचा प्रश्नच नव्हता. पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या तपासणीतही दोन्ही वेगळेच निघाले. शेवटी मी तुमच्या स्वतःच्या बाटल्या मागून घेतल्या, तुमच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या लावलेल्या. त्यातले किडे उघडले. तिथंही दात नव्हते, सर. लेख लिहिताना ते तुमच्या टेबलावर होते.

दात गेलेल्या तोंडाला आपण बोळकं म्हणतो. तेच नाव मी ठेवलं. शास्त्रीय नावाच्या लॅटिन लिपीत ळ लिहिता येत नाही म्हणून तिथं ल आला, बाकी शब्द आपला, पिंपळीचा आणि डाळजचाही. जगातल्या कुठल्याही माणसाला हा किडा सापडला तर त्याला तो शब्द तोंडात घ्यावा लागेल. ज्या बोलीवर तुम्ही वर्ग हसवलात त्या बोलीतला. हे मी मुद्दाम केलं.

सभेनंतर तुमचा मुलगा काकूंना घेऊन इंदापूरला घरी आला. नव्या किड्यावरच्या लेखात त्याच्या आधीच्या चुकीच्या नोंदीही द्याव्या लागतात, हे त्याला कोणीतरी सांगितलं होतं. बाबांचं नाव किड्याला नाही तर नाही, पण चुकीच्या जागी तरी घालू नका, एवढी एक ओळ गाळली तर काय बिघडतं, असं तो म्हणत होता. चिडून नव्हे, काकुळतीला येऊन. मी म्हणाले, "ती ओळ गाळली तर सरांनी हे किडे कधी पाहिलेच नव्हते असा अर्थ होईल. चिखलात माझ्या आधी ते उतरले होते. मी खोडणार नाही." काकूंनी चहाला हात लावला नव्हता. निघताना दारात त्या म्हणाल्या, "तुझं खरं असंल. पर गेलेल्या माणसाला उत्तर देता येत न्हाय, एवढं ध्यानात ठेव."

ते ध्यानात ठेवूनच लिहायला बसले. उत्तर देता येत असतं तर तुम्ही काय म्हणाला असता, याचा मी पुष्कळ विचार केला. तुम्ही पुन्हा 'झिजले असतील' म्हणाला असतात, तर मी पुन्हा 'न्हाईत' म्हणाले असते, आणि या वेळी तुम्हाला खांद्याला धरून वाकवलं असतं.

लेख कालच मासिकाकडे गेला. हे पत्र कुठं जायचं नाही, ते इथंच संपवते. एकच गोष्ट राहिली. त्या चुकीच्या नोंदींच्या ओळीत नुसतं आडनाव आणि साल लिहायचं असतं. तुमचं आडनाव टाइप केलं आणि पुढं बोटांनी आपोआप 'सर' लिहिलं. नुसत्या आडनावाने मी तुम्हाला कधी हाक मारली नव्हती, मनातसुद्धा नाही. ते काढायलाच हवं होतं, आणि काढलं. पण ते बसून काढता येईना. खुर्ची मागं सारली आणि तो शब्द मी उभी राहून खोडला.