मौनाचा पिवळा बिल्ला

६ नोव्हेंबर, दुपार

पोचलो. साधना केंद्र डोंगराच्या ऐन कुशीत. चौथीच्या पुस्तकात डोंगराची एक कविता होती. गुरुजी ती म्हणताना हात इतका उंच करायचे की सदऱ्याची काखेतली उसवलेली शिवण दिसायची. आज तो डोंगर प्रत्यक्ष पाहिला. शिवण सोडून सगळं तसंच.

लेक सोडून गेली. जाताना व्यवस्थापक बाईंशी हळू आवाजात बराच वेळ बोलली. मी ऐकत नाही असं दाखवलं आणि सगळं ऐकलं. बाई तिला रोज संध्याकाळी फोन करून माझी खबर देणार आहेत.

ही वारल्यापासून चिमीचं, म्हणजे लेकीचं, एकच टुमणं. बाबा, आमच्याकडे राहायला या. माझं उत्तरही एकच. माझं घर, माझी खुर्ची, माझी पुस्तकं. मध्यंतरी दूध उतू जाऊन गॅस विझला, शेजाऱ्यांनी तिला कळवलं आणि प्रकरण हातघाईवर आलं. शेवटी असं ठरलं की आठवडाभर इथे एकट्याने राहून दाखवायचं. जमलं तर ती पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर मी मुकाट्याने सामान बांधायचं.

जमणार. एकांत हा माझा पिंडच आहे. घरी स्वयंपाकघरात दिवसभर रेडिओ चालू असतो तो केवळ कुंड्यांसाठी.

६ नोव्हेंबर, संध्याकाळ

जेवणघरातल्या फळ्यावर आसपास काय काय पाहता येईल ते लिहिलंय. सूर्योदयाचा कडा, धबधबा, ध्यानगुहा, झुलता पूल. सगळं करणार. प्रत्येकावर एक कविता. संग्रहाचं नाव ठरलं: ‘गिरिचतुष्टय’.

खोली स्वच्छ. शांतता फारच उच्च दर्जाची. आपलंच मनगटी घड्याळ दुसऱ्या कोणाचं तरी वाटतं. पलीकडच्या खोलीत दातांच्या एक निवृत्त डॉक्टरीणबाई आहेत. भिंत पातळ, त्या खोकल्या की ऐकू येतं. बरं वाटतं. म्हणजे, त्यांना खोकला आहे याचं वाईट वाटतं.

७ नोव्हेंबर

सूर्योदयाला निघालो होतो. पण वाटेवर कोणीतरी हात पसरून उभं होतं. हलेना. बोलेना. मी परत फिरलो. धावलो नाही, चप्पल आपोआप निसटली.

व्यवस्थापक बाई म्हणाल्या, ते वाळत घातलेलं ब्लँकेट. असेल. मग सूर्योदय न्हाणीघराच्या खिडकीतून पाहिला. सूर्य तोच असतो.

कविता सुरू केली:
उंच उंच हे शिखर साजिरे, धुके तयाची शाल
पुढची ओळ सारखी ‘हाल’वर येते. थांबवली.

८ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाई धबधब्याला घेऊन गेल्या. म्हणजे दंडाला धरून नेलं. बोलताना त्या माणसाच्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघतात. वाटेत म्हणाल्या की काका, दात फार आवळताय, झिजतील, एवढं घाबरायला काय झालं? मी म्हटलं, थंडी.

धबधबा ही मुळात ऐकण्याची गोष्ट आहे. वळणापासून उत्तम ऐकू आला. फार रागावलेला वाटला.

झुलत्या पुलावर त्या पलीकडे जाऊन हात हलवून परतही आल्या. तोवर मी त्यांची पिशवी सांभाळली. तसं कोणी सांगितलं नव्हतं, पण जबाबदारी घ्यावी लागते. ध्यानगुहेत वटवाघळं असतात असं ऐकून आहे. प्राण्यांना त्रास देऊ नये.

रात्रीच्या जेवणाला डॉक्टरीणबाईंनी ही सगळी हकीकत व्यवस्थापक बाईंना रंगवून सांगितली. दोघी हसल्या. म्हणजे फोनवरून चिमीपर्यंत गेलीच. हे बंद केलं पाहिजे.

९ नोव्हेंबर

उपाय सापडला. मौन घेतलेल्या माणसाला ऑफिसातून पिवळा बिल्ला देतात. तो छातीवर असला की कोणी बोलायचं नाही, विचारायचं नाही, कुठे चला म्हणायचं नाही. लगेच लावून घेतला.

नामी योजना. दिवसभर कोणी काही विचारलं नाही. सकाळपासून कोणी काहीच विचारलं नाही. जेवणघरात नुसते चमच्यांचे आवाज. हल्ली घरी जेवताना असंच असतं, फक्त चमचा एकच.

डॉक्टरीणबाई आज खोकल्याही नाहीत. बरं वाटलं असेल. आनंद आहे.

१० नोव्हेंबर, संध्याकाळ

शाल पांघरून लिहितोय. अक्षर वाईट येईल.

सकाळी ठरवलं की कड्यावर एकट्याने जायचंच, चिमीला निक्षून सांगता येईल. अर्ध्या वाटेत धुकं आलं. आधी झाडं गेली, मग वाट, मग माझे पाय. डाव्या हाताला दरी. दिसत नव्हती, पण तिथून गार वारा वर येत होता. मी होतो तिथेच एका दगडावर बसलो. उठायचं म्हटलं की पुन्हा दगड चाचपून बसायचो.

किती वेळ गेला देव जाणे. मग पावलं ऐकू आली. केंद्रातली मंडळी कड्यावरून परतत होती, पुढे डॉक्टरीणबाई, मागे व्यवस्थापक बाई. जीव भांड्यात पडला. तोंड उघडलं आणि मिटलं. ‘वाचवा’ म्हणायचं आणि आजच्या फोनवर चिमीने ऐकायचं? मग बोललो नाही, हात वर करून खुणा केल्या. इकडे या, धरा मला.

ते आशीर्वाद समजले. एकेकाने वाकून नमस्कार केला. कोणीतरी कुजबुजलं की केवढी समाधी लागलीय बघा. व्यवस्थापक बाईंनी चवड्यांवर येऊन स्वतःची शाल माझ्या खांद्यावर घातली आणि सगळे पावलं न वाजवता निघून गेले.

मग ओरडलो. तेव्हा कोणी नव्हतं.

मग हिला हाक मारली. नावाने. संसारात कधी नावाने मारली नव्हती, ‘अगं’ आणि ‘ऐकलंस का’मध्येच सगळं निभावलं. धुक्यात आपलाच आवाज परका वाटतो. उत्तर येणार नाही हे कळत होतं. तरी थांबून ऐकलं.

दुपारी धुकं उठलं. मी जिच्या काठावर जीव मुठीत धरून बसलो होतो ती दरी कमरेइतकी खोल निघाली. खाली एक बाक आणि कचऱ्याचा डबा होता.

निष्कर्ष: प्रसंगावधान राखलं.

११ नोव्हेंबर

मी चाललो की लोक वाट सोडतात. एका गृहस्थांनी माझ्या शेजारी बसायचं म्हणून ताट आणलं आणि धीर न होऊन लांब जाऊन बसले. या बसा, असं म्हणणार होतो. बिल्ला.

व्यवस्थापक बाईंना फोनवर सांगताना ऐकलं की तुमचे बाबा काही वेगळेच आहेत हो, त्यांना माणसांची गरजच नाही.

जिंकलो म्हणायचं.

१२ नोव्हेंबर

काही नाही.

१३ नोव्हेंबर, गाडीत

चिमी न्यायला आली. गाडी घाट उतरवली. मग म्हणाली, “बाबा, मी हरले. तुम्ही एकटे मजेत राहता. आता नाही तुमच्या मागे लागणार.”

मी म्हटलं, मी तेच सांगत होतो. मग ‘पण तरीसुद्धा’ असं काही म्हणेल म्हणून थांबलो. म्हणाली नाही. दिलेला शब्द पाळते. तिला तसं मीच वाढवलं.

सहज सुचवलं की तुला बरं वाटणार असेल तर दोन दिवस येतो तुमच्याकडे. नको नको म्हणाली, तुमच्या साधनेचा विचका होईल, घरात नुसता गोंगाट. मी विचारलं, म्हणजे कसला कसला? तर सांगू लागली. सकाळी मिक्सर. जावईबापू फोनवर ओरडून बोलतात. नातू गाणी लावून अभ्यास करतो, दारं आपटतो. वरच्यांचं बाळ रडतं. मी म्हटलं, आणखी? ती सांगत गेली. रस्ता लवकर संपला.

१३ नोव्हेंबर, संध्याकाळ

पोचलो. बॅग मीच वर नेतो म्हटलं, तिला खालूनच पाठवली. उगाच कशाला उशीर.

किल्ली खिशात आहे. जिन्यात बसून लिहितोय, इथे उजेड बरा आहे. वरच्या मजल्यावर नवराबायको भांडतायत, जोरात, कोणी कोणाला ऐकत नाहीये. भांडण संपलं की आत जाईन.