पंचगंगेवरचा स्मार्ट भोंगा

५ एप्रिल २००६
ऐश्वर्याला पोहायला शिकायचंय. या सुट्टीत पप्पांनीच शिकवायचं म्हणे. मी हो म्हणालो. अट एकच, पंचगंगेचं पाणी सुरक्षित आहे हे आधी यंत्राने सिद्ध करायचं. मला पोहता येत नाही, हा मुद्दा गौण.

६ एप्रिल, दुकानात
आधी रेडिओ दुरुस्त केले, आता मोबाईल. राजारामपुरीत दुसरा असा डोकेबाज माणूस नाही. डिझाईन तयार. पाण्यात बल्ब, समोर सेन्सर. पाणी गढूळ झालं की उजेड कमी, भोंगा चालू, लोक बाहेर. शिवाय मला एसएमएस. पाणी गाळून प्यायची आम्हा जैनांची रीत. पोहायचं पाणीही तपासणारा आमच्या घराण्यात मी पहिलाच. राजमती म्हणाली, आधी बाथरूमचा गळका नळ बघा. बायकोला व्हिजन नाही.

१६ एप्रिल
घाटावर म्हशी धुणाऱ्या गुंडूने त्याच्या मोटारसायकलचा जुना हॉर्न दिला. देताना म्हशींबद्दल काहीतरी सांगत होता. तांत्रिक माणसाने सगळ्यांचं ऐकत बसायचं म्हटलं तर झालंच.

२३ एप्रिल
यंत्र बसवलं. एका म्हशीने पाणी ढवळलं. भोंगा वाजला! माणूस एकही बाहेर आला नाही. उलट रस्त्यावरून गुंडूच्या सहा म्हशी उधळत आल्या आणि थेट पाण्यात. पाणी आणखी गढूळ. भोंगा थांबेना. त्याच्या पै-पाहुण्यांच्याही अकरा म्हशी आल्या. मला एसएमएस सत्तेचाळीस.
गुंडू म्हणाला, "शेठ, दिवाळी पाडव्याला गाडीमागं पळवायला ह्याच हॉर्नवर शिकवल्यात की म्हशी. सांगतच हुतो न्हवं!"
निष्कर्ष: यंत्रात दोष नाही. उद्या हॉर्न बदलायचा.

२ मे
हॉर्न बदलला नाही. इतका दणदणीत आवाज दुसऱ्याचा नाही. ऐश्वर्या रोज घाटावर येते, मी पायरीवर बसून यंत्र बघतो. पप्पा, कधी? उद्या, म्हणालो. ती गुंडूच्या म्हशींकडे गेली. फार वाईट वाटलं.

१४ मे
गल्लीतली सगळी मंडळी प्रात्यक्षिकाला बोलावली. भोंगा वाजला. म्हशी आल्या. मी त्यांच्या वाटेत होतो.
नाकात पाणी. आई आठवली. राजमती आठवली. तिचा नळसुद्धा. ओरडलो, मेलो! मग दंडाला एक लहान हात. ऐश्वर्या पोहत आली होती. म्हणाली, "पप्पा, उभं राहा की. कंबरेएवढंच पाणी आहे."
म्हशीची शेपूट धरून ती आठ दिवसांपूर्वीच शिकली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही, म्हणाली. मला रडू आलं. ओला होतो, कुणाला कळलं नाही.

१५ मे, सकाळी, घाटावर
हॉर्न गुंडूला परत. आजपासून माझा क्लास. बाई ऐश्वर्या, वय नऊ. तिची अट एकच, यंत्र घरी ठेवायचं. उद्यापासून करू म्हणालो. ती म्हणते, वही ठेवा, शेपूट धरा.